रांगोळीतले नाव

"आधी नाव सांगा," असे म्हणून ती रांगोळीची चिमूट हवेतच धरून ठेवी. लोणंदच्या एखाद्या लग्नमांडवात आपण तिला रांगोळी काढताना पाहिले असेल, तर ही सवय आपल्याही ध्यानात आली असेल. वधूचे नाव कळल्याशिवाय ती रांगोळी पुरी करत नसे.

ती माझी विद्यार्थिनी. चौथी मुलगी म्हणून आईवडिलांनी तिचे नाव 'नकोशी' ठेवले आणि तिला आजोळी टाकले. पहिलीच्या हजेरीपटावर ते नाव मी सुवाच्य अक्षरात लिहिले. हात थबकला नाही. मोठेपणी तिने ते बदलले. नवे नाव इथे लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे, असे वाटत नाही.

"बाई, तुमच्या फळ्यावरच्या रेघा वाकड्या असायच्या. आता सांगते," असे ती मला चिडवी.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचे लग्न ठरले. आमच्या घरात मुली का जन्मल्या नाहीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. जावेबरोबर गर्भाच्या त्या तपासणीला मीही गेले होते. आता मुलगी मिळेना, तेव्हा मध्यस्थाकरवी कर्नाटकातून एक 'आणली'. बैल आणावा तशी.

मांडवाच्या दारात माझ्या या विद्यार्थिनीने रांगोळीत वराचे नाव काढले आणि चिमूट थांबली.

"आधी नाव सांगा."

"लिव काय बी," माझे दीर म्हणाले. "नवंच ठेवायचं हाय."

"आवं, पर जुनं काय हाय?"

दिरांनी मध्यस्थाकडे पाहिले, मध्यस्थाने मोबाइलकडे. पंगतीतले पदार्थ मात्र दोघांना पाठ होते.

ती आत गेली. वधूसमोर बसून तिने स्वतःकडे बोट केले, आपले नाव सांगितले आणि वाट पाहिली.

"निंगव्वा," मुलगी हळूच म्हणाली.

बाहेर येऊन तिने ते नाव वराच्या नावाएवढेच मोठे काढले. दिरांनी चपलेने पुसले. "गावात हसं करतीस व्हय?" तिने पुन्हा काढले. त्यांनी तिला मांडवाबाहेर घालवले. मी तांदळाचे ताट घेऊन शेजारीच उभी होते. अक्षर चांगले म्हणून वधूचे नवे नाव लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मला किळस आली, सर्वांची आणि स्वतःची. तरी तांदळात 'पूजा' मी सुवाच्यच लिहिले.

माझी विद्यार्थिनी आता सांगलीला असते. इकडच्या मांडवांत छापील रांगोळी चिकटवतात.

परवा स्वयंपाकघरात मी सुनेला पहिल्यांदाच "निंगव्वा" अशी हाक मारली. थापती भाकरी तशीच टाकून ती उठली आणि माझ्याकडे न पाहता दाराकडे धावली. या गावात ते नाव विचारणारी एकच बाई तिला भेटली होती.

दारात कोणी नव्हते.