कोजागिरीची ड्यूटी

कोलकात्यात येऊन सुनीतीला दोन वर्षं होत आली, तरी तिला आपलं म्हणून हाक मारणारं माणूस एकच भेटलं, मधुवंती सिस्टर. बाकी सगळ्यांची ती ‘मॅडम’. मधुवंती मात्र पहिल्या महिन्यातच ‘सुनीतीदी’, म्हणजे सुनीतीताई, म्हणू लागली, आणि मिरजेहून आलेल्या या बाईला त्या एवढ्याशा ‘दी’मध्ये माहेर सापडलं.

नवऱ्याची, गुरुदत्तांची, बँकेतली बदली, म्हणून दोघं शहरातल्या बालीगंजला राहायला आली. मिरजेच्या एका इस्पितळात सुनीतीनं वर्षानुवर्षं माणसांचीच कामं पाहिली होती. कोणाला नोकरीवर घ्यायचं, कोणाची पाळी कधी, कोणाला रजा, कोणाचं कोणाशी बिनसलंय. फ्लॅटमध्ये बसून करायचं काय? तिनं लोकलनं तास-दीड तासावरच्या एका खेड्यातल्या इस्पितळात तेच काम धरलं. गावाच्या ट्रस्टचं इस्पितळ. खाटा मोजक्या, सिस्टर त्याहून मोजक्या. दारावर पाटी ‘एचआर हेड’ची, पण त्या खात्यात हेडही तीच आणि शिपाईही तीच. बाळंतिणींच्या वॉर्डाची सगळी मदार मधुवंतीवर होती. ती गेली तर आसपासच्या बायकांनी जायचं कुठे, असा प्रश्न होता.

आश्विन आला. मागच्या आश्विनात आईच्या आजारपणामुळे सुनीती मिरजेलाच होती, त्यामुळे इथला हा तिचा पहिलाच. दुर्गापूजेच्या रजांची ओढाताण तिनं कशीबशी निभावली आणि मग मनात कोजागिरी डोकावली. मिरजेला गच्चीवर सतरंज्या पडायच्या. आटीव दुधात चारोळी, जायफळ, केशर. शेजारणी, गाणी, थट्टामस्करी. बालीगंजच्या इमारतीला गच्ची होती, पण तिला कुलूप. सुनीतीनं ठरवलं, यंदा इस्पितळाच्या गच्चीवर दूध आटवायचं. पण जिच्यासोबत प्यायचं, ती हजर नको का? म्हणून तिनं पौर्णिमेच्या संध्याकाळची ड्यूटी मुद्दाम मधुवंतीला लावली. त्या दिवशी दरवर्षी नजमा सिस्टरच असायची. बिचारी नजमा, सारखी तीच का? तिला सुट्टी देऊन टाकली. न्याय केल्याचं समाधान वर मिळालं ते वेगळंच.

दोन दिवसांनी मधुवंती टेबलाशी येऊन उभी राहिली. पाकीट पुढे केलं.

“हे काय गं?”

“राजीनामा, मॅडम.”

“मॅडम? आणि दी कुठे गेली?”

“‘दी’नं माझी ड्यूटी लक्ष्मीपूजेला लावली नसती.”

“अगं, लक्ष्मीपूजन दिवाळीत! तेव्हा तुला सुट्टीच दिलीये.”

“दिवाळीला आमच्याकडे कालीपूजा. लक्ष्मी घरोघर येते ती या पौर्णिमेला. घरातली बाई दिवसभर उपास करते, दारापासून कणगीपर्यंत लक्ष्मीची पावलं काढते, चंद्र उगवला की पूजा. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता माझ्या घरात पावलं काढायला माझ्याशिवाय आहे कोण? दार अंधारात दिसलं तर ती उंबऱ्यावरूनच मागे फिरते, मॅडम.”

“मग सांगायचं नाही का?”

“तुमच्या गणपतीला तुम्ही रजा घेतलीत. आम्ही कोणी म्हटलं, यंदा नको? इथे सगळे म्हणतायत, दुर्गापूजेला एक दिवस जास्त घेतला म्हणून तुम्ही मला शिक्षा केलीत.”

शिक्षा! मायेनं केलेलं हे असं जाऊन पोचलं होतं.

घरी गुरुदत्त जेवता जेवता म्हणाले, “मिरजेचं पंचांग घेऊन बंगालात रजा वाटायला निघालीस होय!”

“हसू नका हो.”

ते थांबले. तिनं ताट बाजूला सारलं. ‘कोण जागं आहे?’ असं विचारत देवी त्या रात्री फिरते, हे तीही लहानपणापासून ऐकत आलेली. आपण गच्चीवर जागतो, इथल्या बायका दारात जागतात. एवढंच होतं. कोणाला विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

तिनं नजमाला फोन लावला. “पौर्णिमेला येशील? माझं चुकलं गं.”

नजमा खळखळून हसली. “मी फोनचीच वाट बघत होते. ईदला मधुवंती माझी ड्यूटी करते, लक्ष्मीपूजेला मी तिची. तुमचा न्याय बघून मला धडकी भरली, आता ईदला मला लावताय की काय!”

दुसऱ्या दिवशी सुनीतीनं सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि पाकीट न उघडता मधुवंतीच्या हातात दिलं. दूध आटवायचा बेतही सांगून टाकला. मधुवंतीनं ऐकून घेतलं, पाकीट पर्समध्ये टाकलं.

“नोकरी सोडत नाही मी,” ती म्हणाली. “थँक यू, मॅडम.”

सुनीती वाट पाहत राहिली. ‘घरी या पूजेला’ एवढं तरी ती म्हणेल, असं वाटत होतं. मधुवंती दारात क्षणभर रेंगाळलीही. मग वॉर्डाकडे गेली.

पौर्णिमेला सुनीतीनं दूध आटवलंच. ऊन उतरल्यावर नजमा गच्चीवर आली, उभ्या उभ्या पेला रिकामा केला. “छान झालंय. पण साखरेत हात आखडलात हं, मॅडम!” तेवढ्यात खालून हाक आली, कोणा बाईला कळा सुरू झाल्या होत्या. नजमा धावली. सुनीती आणि पातेलं, दोघंच उरली.

तळ्यापलीकडे सुपारीच्या झाडांमागे मधुवंतीचं घर होतं. सुनीतीनं ते आतून कधी पाहिलं नव्हतं. कणगी कुठल्या कोपऱ्यात असेल, पावलं कुठून वळत असतील, याचा ती अंदाज करत राहिली. चंद्र वर आला तसा तिकडे एक शंख वाजला. मग दुसरा, मग घराघरांतून. त्यातला मधुवंतीचा कोणता, ते तिला काही केल्या ओळखता येईना. तिनं प्रत्येक शंखाला हात जोडले.