पोपटाची दौत

आमच्या छोट्या संग्रहालयात माणसं बहुतेक पंख्यासाठी यायची. नगरच्या उन्हातून आत शिरायची, वारा घ्यायची, तलवारींपुढे एखादा फोटो काढायची आणि निघून जायची. मी तिथे कंत्राटावर माहिती सांगायचं काम करत होते. ऐकायला कोणी थांबलं तर.

व्यवस्थापकांनी कुठेतरी जिओकॅशिंगबद्दल वाचलं. लोक मोबाईलवर नकाशा बघत लपवलेल्या डब्या शोधतात म्हणे. आम्हीही शहरात डब्या लपवल्या. त्यांतल्या चिठ्ठ्या वाचत लोक संग्रहालयापर्यंत पोचतील असा बेत होता. थोड्याच दिवसांत सगळ्या डब्या गायब झाल्या. त्यातली एक मला पानटपरीवर दिसली, चुन्याने भरलेली. मग आम्ही खेळ आतच आणला. रविवारी मी कोडी लिहायचे, एका कोड्यावरून दुसऱ्यावर जायचं, आणि शेवटच्या वस्तूच्या कपाटाखाली चिकटवलेल्या डबीत लिमलेटच्या गोळ्या.

काका आणि काकू या खेळातूनच माझ्या ओळखीचे झाले. मूळचे अकोले तालुक्यातल्या राजूरचे, आता नगरमध्येच सावेडीत मुलाच्या फ्लॅटवर राहायचे. काकू पूर्वी गावात अंगणवाडी चालवायच्या. लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा हात गेला होता आणि तोंडात दोन-तीनच शब्द उरले होते.

"डाक्तर म्हनले, हिचं डोकं कामात ठेवा," काका पहिल्या दिवशी म्हणाले. "घरात टीव्ही हाय, पर ती नुसती भितीकडं बघती."

मी कोडं मोठ्याने वाचायचे. काकू डोळे मिटून ऐकायच्या, मग पाय ओढत चालू लागायच्या आणि डाव्या हाताने बोट दाखवायच्या. बरोबर निघालं की काका लहान मुलासारखे टाळ्या वाजवायचे. पुढे पुढे त्या शोध संपल्यावरही घरी जायला तयार नसायच्या. एकेका कपाटापुढे उभ्या राहायच्या. झाकणावर पोपट बसलेली एक पितळी दौत होती, ती त्यांची लाडकी. तिच्यापुढे उभ्या असताना त्यांच्या घशातून बारीक आवाज यायचा. मला वाटतं, त्या पोपटाशी बोलत असाव्यात.

एका रविवारी शेवटचं कोडं मी त्याच दौतीचं ठेवलं. सकाळपासून दोन कुटुंबांनी डबी शोधली होती. काकूंना कोडं ऐकताच हसू आलं. त्या थेट कपाटाकडे गेल्या आणि थबकल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

काकांनी वाकून कपाटाखालून डबी काढली. "अगं, ही काय! सापडली की!"

"न्हाई. न्हाई." त्या काचेवर बोट आपटत होत्या.

काका ओशाळले. "आज जरा घोटाळा हुतोय तिचा."

मी समजूत घालायला जवळ गेले आणि काचेतून आत पाहिलं. दौत होती, पण साधी. झाकण गुळगुळीत. आमच्या कोठीतली दुसरी एक दौत कोणीतरी त्या जागी ठेवली होती, खाली कार्ड मात्र पोपटाच्या दौतीचंच. सकाळची माणसं कपाटाखाली हात घालून डबीतल्या गोळ्या घेऊन गेली होती. वर कोणी पाहिलंच नव्हतं, डबी चिकटवताना मीही नाही.

काकूंचा हात धरून मी म्हटलं, "काकू, तुमचं बरोबर आहे."

मी लगेच व्यवस्थापकांना सांगितलं. कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या ऑफिसातच असायच्या, त्यामुळे संशय आधी ऑफिसावर यायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी तपासाला आलेल्या पोलिसाने मला विचारलं, "ते म्हातारं जोडपं दर रविवारी त्याच कपाटापुढे उभं राहायचं?"

"त्यांनीच तर दाखवलं," मी म्हटलं. "आम्हाला कोणाला कळलंही नव्हतं."

"तेच म्हणतोय. तिला एकटीलाच कसं कळलं?"

मी पुष्कळ सांगितलं. तो ऐकत होता आणि मोबाईल बघत होता.

पोलीस सावेडीच्या फ्लॅटवर गेले. कपाटं उघडली, पलंगाखालचे डबे उपसले. जिन्यात शेजारी उभे होते. काकूंना प्रश्न विचारले. त्यांच्याकडे उत्तराला शब्दच नव्हते. काही सापडलं नाही. पण सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं मुलाचं म्हणणं. त्याने दोघांना राजूरला नेऊन सोडलं.

हे मला उशिरा कळलं. मग मी अकोल्याची एसटी पकडली, पुढे जीपने राजूरला गेले. काका ओट्यावर भात पाखडत होते. मला बघून उठले, पण हसले नाहीत.

काकू आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी हाक मारली, पायाला हात लावला. त्यांनी पाय आखडून घेतला.

"जेवतात का?" मी विचारलं.

"भरवलं तर. बोलत न्हाई आता, येक शबुद न्हाई." काका दाराशीच उभे होते. "तिला वाटतंय तिच्या हातनंच चोरी झाली. पोलीस आल्ते तवा सोताचा हात पदराखाली लपवत हुती."

चहा झाला. काका मला जीपपर्यंत सोडायला आले. जीप भरायची होती म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो.

"मॅडम, आमचं नाव कुनी सांगितलं?"

"व्यवस्थापकांनी."

"तुमाला ठावं हुतं?"

"नंतर कळलं."

त्यांनी मान हलवली. मी परत येते म्हटल्यावर मात्र हात वर केला. "नगा येऊ. तुमाला बघितलं की ती आनखी भितीत शिरती."

खेळ बंद झाला होता. चोरी कोणी केली ते कधीच समजलं नाही, आणि माझं कंत्राट संपल्यावर वाढवलं गेलं नाही. पुढे दिवाळीत मी काकांना फोन लावला. मुलाने उचलला. आई गेल्या महिन्यात गेली, म्हणाला, आणि तुम्ही कोण, असं विचारलं. मी सांगितलं. त्याने फोन ठेवला.