घोटा कुणी धरला

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली. पण हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिते.

आज मंडळाच्या पोरांनी फक्कीने मैदान आखलं. शैलाचा सत्कार होता. कबड्डीत राज्याकडून खेळलेली आमच्या पोशीरची ती एकटीच. फक्कीचा कोरडा वास नाकात गेला आणि मी पोरवयातल्या त्या कापलेल्या भातखाचरात जाऊन उभी राहिले.

खोपोलीच्या स्पर्धेला जाणाऱ्या मंडळाच्या पोरींच्या संघात एकच जागा उरली होती, तिच्यासाठी आम्हाला खेळवून बघत होते. समोरची दांडगी पोरगी चढाईला आली. मी तिचा घोटा धरला तो सोडलाच नाही. मग शैला आणि बाकीच्या तिच्यावर पडल्या. धुरळा बसल्यावर मंडळाच्या सुरेशदादाने वही काढली.

"घोटा कुनी धरला गं?"

एवढ्या बाप्यांसमोर माझी मान वर होईना. ढोपरातून रक्त येत होतं, तेच बघत राहिले.

"बोला की गं. नायतर त्या बांधावरच्या कोंबडीचं नाव लिवतो."

सगळे हसले.

"मी धरला," शैला म्हणाली.

तिने माझी जागा चोरली, असंच मी घरी सांगत आले. माझ्या मुलींनाही तेच सांगितलं. आज तिला शाल घातली, मंडळानेच मला घडवलं असं ती माइकवर म्हणाली, तेव्हा माझा जीव जळत होता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पण बोलायच्या आधी शैला माझ्याकडे बघत थांबली होती. मला तिथून सुटायचं होतं. मीच तिला डोळ्यांनी खुणावलं, तू बोल.