राखेची वीट

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सरकारी बांधकामावर लाल वीट नको, वीजघराच्या राखेची वीट लावा, असं म्हणायला लागले. तेव्हाची ही गोष्ट. मी शाळेत फार गेलो नाही, पण हातात थापी आली ती सुटली नाही. मोहाडीपासून तुमसरपर्यंत कितीतरी घरं माझ्या हातची आहेत, सगळी लाल विटेची. त्यातल्या एका भिंतीले पोट आलेलं कोणी दाखवून द्यावं. मग माझं स्वतःचं घर मी राखेचं कायले बांधू?

करडी गावाच्या अंगाला आमची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत आहे. भट्टीवाला माझा जुना सोबती. आमच्याकडे रीतच आहे, भट्टीवाला बांधीची वरची माती नेतो आणि बदल्यात विटा देतो. तो म्हणाला, "मिस्त्री, धान निघाले का मशीन लावतो. तुही खालची बांधी दे, घराच्या साऱ्या विटा माह्या." मी हो म्हटलं. माझी जबान म्हणजे जबान.

घरी सांगितलं. पोरगा बैलांना चारा टाकायला उठला. सून बोलली. ती पवनीची, विणकराच्या घरची.

"मामाजी, बांधी नोका देऊ."

"काहून?"

"वरची माती गेली तर धान कायच्यावर पिकन? आन आपली बांधी खोल झाली का वरच्या बांधीचं पानी मधला धुरा-बांध फोडून आपल्यात उतरन. त्याईचा धान वाळन, आपला सडन."

"बाकीचे लोक देऊन नाई राहिले का?"

"देऊन राहिले ना. त्याईच्या बांधीत औंदा बेडकाईचं पीक जोरदार हाय."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. "मंग घर कायचं बांधू? शेनाचं?"

"राखेच्या विटेचं. माह्या भावानं बांधलं."

मी त्यातल्या दोन विटा मागवून पाहिल्या. पक्की लाल वीट एकमेकीवर मारली की खणखण वाजते. ही मुकी. मी म्हटलं, "दात घासाले बरी हाय."

तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "बैलाच्या कोठ्याची भिंत पडली हाय. ते तुमच्या हातानं बांधून पाहा. तुमच्या हातानंही नाई जमली तर बांधी द्या, मी तोंड नाई उघडनार."

'तुमच्या हातानं' हे ती दोनदा म्हणाली. पोरीनं माझ्या गर्वालाच मजुरीला लावलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

विटा आल्या. मी त्या रातभर टाक्यात टाकल्या. लाल वीट तहानलेली असते, कोरडी लावली तर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचं पाणी पिऊन घेते आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून जन्मभर जशी भिजवली तशीच भिजवली. बांधायला बसलो तर वरचा थर ठेवला की खालचा सरके, मसाला ओघळे. संध्याकाळपर्यंत भिंतीले गाभण शेळीसारखं पोट आलं. आपली भिंत फुगलेली पाहून मला आनंद झाला, असं आयुष्यात एकदाच झालं असेल.

"ये वं, पाह्य तुही वीट!"

तिनं विटेवर तळहात ठेवला. "भिजवल्या का?"

"मंग? न भिजवता वीट लावते का कोनी?"

"आमच्याकडचा मिस्त्री टाक्यात नोयता टाकत. लावाच्या आधी नुसतं पानी शिंपडे. हे वीट भट्टीतली नोहे मामाजी. लय पानी झालं का घसरते."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"तुमाले कोन शिकवन? थापी माह्याच डोक्यात घातली असती."

खोटं नव्हतं. दुसरी कोणी असती तर मोहल्ल्यात सांगत फिरली असती की सासऱ्याची भिंत फुगली. हिनं पदर खोचला आणि कोणी पाहायच्या आत भिंत स्वतः उतरवायला लागली. एकेक वीट पुसून उन्हात मांडली. वाळल्यावर मी पुन्हा बांधली, नुसतं पाणी शिंपडून. विटेच्या चारही कडा सारख्या, मसालाही कमी लागला. भिंत अशी सरळ उठली की ओळंबा सोडला आणि मीच दोनदा पाहिलं. जिंकल्याचा तोरा न दाखवता ती उरलेला मसाला उचलायला लागली. ते तिचं मोठेपण.

धान कापून झाले. मशीन यायच्या आधी मी भट्टीवर गेलो.

"बांधी देत नाई," म्हटलं.

भट्टीवाल्यानं बिडी तोंडातून काढली. "मिस्त्री, जबान देल्ली होती तुनं."

"देल्ली होती. वापस घेऊन राहिलो."

"जन्मात नाई घेतली कधी!"

"म्हणून तर पायी आलो सांगाले."

तो मजुरांकडे पाहून हसला. "सुनंनं फिरवला गा मिस्त्रीले!"

कान तापले. त्या मजुरांतले निम्मे मला ओळखत होते. पण खोटं काय बोलायचं?

"हो, फिरवला," मी म्हटलं. "गावात सांग. आन हेही सांग का मिस्त्रीचं घर राखेच्या विटेचं होऊन राहिलं. ज्याले हासाचं हाय त्यानं ओळंबा घेऊन यावं."