पहिलीच्या वर्गात आमचं अस्वल

आज लेकीच्या पहिलीच्या वर्गात गोष्ट सांगायला पालकांना बोलावलं होतं, आणि पाळी आमच्या ह्यांची होती. शाळेच्या गेटपाशीच म्हणाले, "तूच जाय वं. मले पोरांसमोर बोलता येत नाही."

कसेबसे आत आले. पुस्तक उघडलं, पण आवाजच फुटेना. पोरं चुळबुळ करू लागली. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, घरी सांगतो तशी सांग नं, अस्वलाची."

ह्यांनी पुस्तक मिटलं. मग अस्वल असं गुरगुरलं, की बाकांखाली शिरलेली पोरं बाहेर यायला तयार होईनात.

परतताना गाडीवर विचारतात, "पुढच्या शुक्रवारी वाघाची सांगू का?"

मी म्हटलं, पाळी दुसऱ्यांची आहे.

"आन् त्याईले नाही जमलं तर?"

तुमच्या घरचं अस्वल शाळेत कधी जातंय?