एक गुन

मी अजून कॉलेजात शिकतो, घरातला पहिलाच. लिहायचा आगाऊपणा करतोय, माफ करा. पण माझ्या ताईबद्दल दुसरं कोण लिहिणार? आमच्या खाडीकाठच्या गावांत कबड्डीच्या समालोचनासाठी माईक हातात घेणारी ती पहिली बाई. चढाई कुठे फसणार हे तिला आधीच दिसायचं. मात्र गुण मिळाला की ती घरच्यासारखं ओरडायची, “एक गुन!”

मग मैदान हसायचं. “ए गुनबाय, भाकरी करपली बघ घरी!”

बोळिंजच्या सामन्यात तर मंडळाच्या अध्यक्षांनी तिच्या हातातून माईकच काढून घेतला. “आधी शुद्ध बोलायला शिक, मग ये,” ते सगळ्यांसमोर म्हणाले.

ताई शिकली. जीभ टाळूकडे वळवून वर्षभर माझ्यासमोर ‘गुण, कोण, पाणी’ म्हणत राहिली. एका टीव्ही वाहिनीने मराठी समालोचकांसाठी आवाजाची चाचणी घेतली, तेव्हा तिचा एकही ‘ण’ चुकला नाही.

पण उत्तर येईना. ताईला विचारायची भीती वाटत होती, म्हणून शेवटी मीच फोन लावला. पलीकडचा माणूस मोकळेपणाने बोलला, “तुमच्या ताई चांगल्या बोलतात हो, पण फार पुस्तकी. आम्हाला गावरान बाज हवा होता. दादरची एक मुलगी घेतलीय. ती काय मस्त ‘गुन’ म्हणते!”