नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात माळ

अक्काचं कार्ड आलं तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. 'येत्या रविवारी आमच्या विठ्ठल मंदिराची सभा आहे. लोक यांना पुन्हा अध्यक्ष करणार. यांना खरंच नको आहे, पण कोणी ऐकत नाही. यांची झोप उडाली आहे. तू बोलणारा माणूस. येऊन लोकांना समजाव.' 'बोलणारा माणूस' हे वाचून मी खूश झालो, हे आधीच कबूल करून टाकतो. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेलं, वादविवाद स्पर्धांना मुलं तयार केलेली. म्हैसूरच्या चार शिंपी मंडळींना पटवायला कितीसा वेळ लागणार, असं मनाशी म्हणत बुधवारी संध्याकाळी कराडहून बंगळूरची एसटी धरली.

बंगळूरहून पुढे रेल्वे. मद्दूर स्टेशनात वडे विकायला येतात. हा वडा आपल्या बटाटेवड्यासारखा गुबगुबीत नसतो. चपटा, कांदा घातलेला आणि चांगलाच कडक. दुसऱ्याच घासाला माझी डावीकडची दाढ तुटली. समोरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि कन्नडमध्ये काहीतरी सहानुभूतीचं बोलल्या. बोलायला निघालेल्या माणसाचं तोंडच दुखावलं होतं. पुढचे चार दिवस मी सगळं उजवीकडून चावलं.

म्हैसूरला उतरलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि चामुंडीच्या डोंगराचा अर्धा भाग ढगात गेला होता. मी होतो ते सगळे दिवस असेच गेले. दुपारी अंधारून यायचं, उकडायचं आणि पाऊस मात्र पडायचा नाही. टांग्याने मंडी मोहल्ल्यात गेलो. खाली दाजींचं शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या. अक्का लग्न होऊन इथे आली त्याला चाळीस वर्षं झाली. तिच्या मराठीत आता निम्मं कन्नड असतं. "ऊटा (जेवण) झालं काय रे?" एवढंच तिने विचारलं आणि हुळी (चिंचेचं आंबट वरण) आणि भात वाढला. माझ्या दाढेला तो भात मानवला. दाजी समोर बसून जेवले. सडपातळ माणूस, गळ्यात टेप, मृदू आवाज. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकलेला नाही. सभेचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही म्हटलं, रविवारपर्यंत वेळ आहे.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानाच्या बाकावर गप्पा सुरू झाल्या. त्या उन्हाळ्यात दिल्लीत कोणालाच बहुमत मिळालं नव्हतं. पंतप्रधान म्हणून ज्याचं नाव निघे तो हात जोडून नको म्हणे, आणि ज्याचं नाव निघत नसे तो गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. बाकावर दोघे होते. कृष्णोजीराव हे नजरबादच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मंदिराच्या कमिटीतले वजनदार गृहस्थ. दुसरे शिवण्णा. त्यांचं शेजारी कॉफीपावडरचं दुकान, आणि दाजींच्या शेजाराने मराठी शिकलेले.

"काय री (अहो) मास्तर," कृष्णोजीरावांनी मला वादात ओढलं, "तुमच्या कराडची लोकं काय म्हणतात? ज्याला गादी नको त्यालाच देश द्यावा, अल्वा (होय ना)?"

"मला पटत नाही री," शिवण्णा म्हणाले. "ड्रायव्हर म्हणाला, मला गाडी चालवायला बेड (नको), तर त्या बसमध्ये तुम्ही बसणार काय?"

मुद्दा साधा होता आणि खरा होता. पण वाद दिसला की मला राहवत नाही. मी म्हटलं, "शिवण्णा, ड्रायव्हर गाडी सोडून गेला तर दुसरा मिळतो. खुर्चीची भूक लागलेला माणूस मात्र खुर्ची सोडत नाही, ती टिकवायला तो देशसुद्धा विकेल. ज्याला ती नकोच आहे त्याला विकत कसा घेणार? आणि माणूस नको का म्हणतो? त्याला स्वतःच्या चुका दिसतात म्हणून. ज्याला स्वतःच्या चुका दिसतात तोच राज्य करायला लायक. अशा माणसाला ओढत न्यावं आणि खुर्चीत बसवावं."

कृष्णोजीरावांनी मांडीवर थाप मारली. शिवण्णा डोकं खाजवत राहिले. दाजी आत कापडावर खडूने आखत होते. त्यांचा हात थांबलेला मला दिसला, पण जिंकल्याच्या भरात मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आमच्या मंदिरात हेच चालतं," कृष्णोजीराव म्हणाले. "अध्यक्षाचं नाव पुकारलं की त्याने तीन वेळा बेड म्हणायचं. तिसऱ्या बेडला माळ घालायची. एकदा एकजण पहिल्याच वेळी 'आयतु' (बरं) म्हणाला. त्याला आम्ही खालीच बसवलं. असला हावरा माणूस कशाला पाहिजे?" मग ते दुकानात डोकावून म्हणाले, "पांडुरंगराव, ऐकलं काय? तुमचा मेहुणा केवढं शहाणं बोलला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या कामाला आलो होतो त्याच्या बरोबर उलट बोलून बसलो होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. रात्री अक्काने माझं ताट जरा आपटूनच ठेवलं.

शनिवारी सकाळी दाजी म्हणाले, "वसंतराव, जरा हिनकलपर्यंत येता काय?" त्यांच्या हातात शर्टांचं गाठोडं होतं, काजं करायची राहिलेले शर्ट. हुणसूर रस्त्याची बस घेतली. दाजी आपल्याच विचारात होते, म्हणून उतरायचा थांबा मागे गेला आणि आम्हाला मैलभर मागे चालत यावं लागलं. रस्त्याच्या कडेला नवी घरं उठत होती, विटांचे ढीग, अर्धवट भिंती. त्यांच्या मागे पत्र्याची एक खोली. तिथे सुशीलाबाई राहत होत्या.

बाई पन्नाशीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मुलगी कोणाकडे कामाला गेली होती. दाजींनी गाठोडं ठेवलं, मागच्या आठवड्याचे तयार शर्ट घेतले आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेरच्या नळाकडे गेले. ते मुद्दाम गेले हे मला नंतर समजलं.

"तुम्ही त्यांचे मेहुणे," बाई सुईत दोरा घालत म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला का आणलंय ते मला माहीत आहे री. माझा नवरा देवळात पखवाज वाजवायचा. देवळामागची खोली आम्हाला दिली होती. नवरा गेला आणि कमिटीला ती खोली पाहिजे झाली. पांडुरंगराव तेव्हा अध्यक्ष. मी सहा वेळा त्यांच्याकडे गेले. दर वेळी बसवलं, कॉफी दिली, गोड बोलले. म्हणाले, मला ही खुर्ची नकोच होती बाई, मी एकटा काय सांगणार, स्वल्प (थोडं) थांबा, बघू. मी थांबले. मग एक दिवस कमिटीची माणसं आली आणि सामान बाहेर ठेवलं. पावसाचे दिवस. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच."

बाईंनी दोरा दातांनी तोडला.

"वाईट नाहीत हो ते. वाईट माणसाने पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं असतं. मी उन्हाळ्यातच दुसरीकडे खोली बघितली असती."

परतताना दाजी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बोलले. "मी नको नको म्हणत बसलो, म्हणून त्या खुर्चीत कधी नीट बसलोच नाही. निर्णय घ्यायची वेळ आली की मनात यायचं, हे माझं काम नव्हेच. तीन वर्षं मी जाण्याची वाट बघत काढली. उद्या तुम्ही हे सांगा. माझ्या तोंडून आलं की लोकांना विनय वाटतो. सुशीलाबाईंचं नाव घेऊन सांगा, मी मान खाली घालून बसेन." मी त्यांना वचन दिलं. त्या वेळी माझी खात्री होती की एवढं सांगितल्यावर कोणीही ऐकेल.

रविवारी देवळात शंभरेक माणसं जमली होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे सतरंजीवर मल्लिगेची (मोगऱ्याची) जाड माळ ताटात तयार. कृष्णोजीरावांनी नाव पुकारलं. दाजी उठले, हात जोडून म्हणाले, "मला बेड." लोक समाधानाने हसले. "मला खरंच बेड. माझ्याच्याने होत नाही." हसू आणखी पसरलं. "केवढा साधा माणूस," माझ्या शेजारचे आजोबा पुटपुटले.

मी उभा राहिलो. दाढ ठणकत होती, तरी सगळं स्वच्छ सांगितलं. सुशीलाबाईंच्या सहा खेपा सांगितल्या, पत्र्याची खोली सांगितली. परवा दुकानात मी बोललो ते चुकीचं होतं, हेही सांगितलं. माणसाला काम नको असेल तर तो ते करत नाही, आणि त्याची किंमत दुसराच कोणी भरतो. आयुष्यात इतकं खरं मी कुठल्या व्यासपीठावर बोललो नव्हतो. लोकांचं हसू मावळलं. अक्का पदर तोंडाला लावून बसली होती. क्षणभर मला वाटलं, जमलं.

मग कृष्णोजीराव उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. "ऐकलंत? इतकी वर्षं झाली, अजून या माणसाला ती चूक टोचते. अजून दर आठवड्याला स्वतः हिनकलला जाऊन बाईंना काम देतो. कमिटीत आपण सगळे होतो. आपल्यापैकी कोणाला टोचलं? मास्तरच परवा म्हणाले, ज्याला स्वतःच्या चुका दिसतात तोच राज्य करायला लायक. आज तेही पांडुरंगरावांच्या वतीने नको म्हणून बघतायत. हे तिसरं बेड समजू या."

टाळ्या पडल्या. माळ पडली. सुशीलाबाईंना खोली परत द्यावी, असं मात्र शंभर जणांत कोणी म्हटलं नाही. दाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी राग धरला असता तर बरं झालं असतं. मीही खाली बसलो. खोलीचं मी तरी बोलायला हवं होतं, ते मला प्रसादाचा शिरा खाताना सुचलं.

सोमवारी सकाळी माझी गाडी. पिशवी घेऊन जिना उतरलो तर दुकानात एक तरुण जोडपं उभं होतं. मुलगा दाजींच्या समाजाचा, एका कारखान्यात कामाला. मुलगी दुसऱ्या जातीची. दोघांना देवळाच्या सभागृहात लग्न लावायचं होतं. कमिटीतले लोक टाळाटाळ करत होते आणि मुलीच्या घरी तिला गावी पाठवायचं घाटत होतं. "तुम्ही एक शब्द टाका, अण्णा," मुलगा म्हणाला. "हो असेल तर हो, नाही तर आम्ही रजिस्टर लग्नाचं बघतो."

दाजींनी त्यांना बाकावर बसवलं. अक्काला कॉफी आणायला सांगितलं. टेप गळ्यातून काढून घडी करत ते मृदू आवाजात म्हणाले, "माझी काही हरकत नाही बघा. पण मी एकटा काय सांगणार? स्वल्प थांबा. चार लोकांशी बोलून बघतो."

"दाजी," मी म्हटलं, "हो म्हणा, नाही तर नाही म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतोय ते त्यांना पुरेपूर कळलं होतं. ओठ हललेसुद्धा. "तुमची गाडी चुकेल, वसंतराव," ते म्हणाले.

गाडीत समोरच्या माणसाकडे पेपर होता. दिल्लीत ज्याने दोनदा नको म्हटलं होतं त्याला सगळ्यांनी मिळून राजी केल्याची बातमी होती. डब्यात सगळे त्याची वाहवा करत होते. निःस्वार्थी माणूस, देशाचं भलं होणार. मला कोणीतरी मत विचारलं. तीस वर्षं मी मुलांना दोन्ही बाजूंनी मुद्दे काढून दिले, पण दोन्ही बाजूंचे मुद्दे काढणाऱ्याला त्यातलं काही भोगावं लागत नाही, हे त्यांना कधी शिकवलं नाही. तो पुढारी कदाचित चांगला निघेलही, मला काय माहीत. मी दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि मद्दूर येऊन गेलं तरी बाहेर पाहिलं नाही.

महिन्याभराने अक्काचं कार्ड आलं. यांची तब्येत बरी आहे, झोप अजून लागत नाही. ती मुलगा-मुलगी चार वेळा येऊन गेली. हे त्यांना थांबा म्हणतात आणि ती बिचारी थांबतात. मुलीला गावी न्यायची तारीख जवळ आली आहे म्हणे.

मी त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं, की ती दोघं आता आली तर दाजींच्या उत्तराची वाट बघू नकोस. तूच जिना उतर आणि त्या दोघांना नाही म्हणून सांग, म्हणजे रजिस्टर लग्नाचं बघायला त्यांना वेळ तरी मिळेल.